उसाच्या पाचटाची जखम कुठल्या जर्नलला पाठवायची?

तुमचा प्रश्न आधी मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही कोल्हापुरात नेत्ररोगशास्त्रात एमएसच्या तिसऱ्या वर्षाला आहात. ऊसपट्ट्यातल्या मजुरांना होणारे बुबुळाचे बुरशीजन्य अल्सर हा प्रबंधाचा विषय. पेपर लिहून तयार आहे आणि दोन जर्नल समोर आहेत. एकाच्या वेबसाइटवर ठळक अक्षरात ‘इम्पॅक्ट फॅक्टर ६.८’ असं लिहिलंय; जर्नलमधल्या लेखांचा इतर पेपरांत सरासरी किती वेळा उल्लेख होतो, त्याचा हा आकडा. दुसरं आपलं इंडियन जर्नल ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजी, त्याचा आकडा याच्या निम्मासुद्धा नाही. गाईड म्हणतात, मोठा आकडा बघ. तुम्ही विचारता, या आकड्यावर कितपत विसंबावं?

मी या जिल्ह्यात तीस वर्षं डोळे तपासतोय. त्यातली बरीच वर्षं पीजींना शिकवतोय, आणि जर्नलांकडून रिव्ह्यूला येणारे पेपरही वाचतो. एकाच उपशाखेतली दोन जर्नल ताडून बघायला हा आकडा बरा पडतो. एखाद्या पेपरची लायकी ठरवायला त्याचा काहीच उपयोग होत नाही. कारण अगदी साधं आहे. सायटेशन, म्हणजे आपल्या पेपरात दुसऱ्याच्या पेपरचा उल्लेख, देतो तो पेपर लिहिणारा. पेपर वाचून दुसऱ्या दिवशी ओपीडीत थेंब बदलणारा डॉक्टर कुठेच मोजला जात नाही, आणि आपल्या शाखेत असे वाचक लिहिणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त आहेत.

आकडा बनतो कसा ते एकदा हाताने करून बघा. समजा एका जर्नलने २०२३ मध्ये ८० आणि २०२४ मध्ये १२० लेख छापले. या दोन वर्षांतल्या मजकुराचा उल्लेख २०२५ मध्ये इतरांनी ५०० वेळा केला. ५०० भागिले २००, म्हणजे इम्पॅक्ट फॅक्टर २.५. झालं. यातली मेख छेदात आहे. अंशात जर्नलमधल्या कुठल्याही मजकुराची सायटेशन येतात, संपादकीयाची, पत्राचीसुद्धा. छेदात मात्र फक्त संशोधनपर लेख आणि आढावा-लेख धरतात. त्यामुळे संपादकीयं आणि पत्रं जास्त छापली की छेद वाढत नाही, अंश मात्र वाढू शकतो. शिवाय आढावा-लेखांना मूळ संशोधनापेक्षा जास्त सायटेशन मिळतात. आपल्या शाखेत वरच्या क्रमांकावर वर्षानुवर्षं ‘प्रोग्रेस इन रेटिनल अँड आय रिसर्च’ दिसतं, कारण ते आढाव्यांचंच जर्नल आहे. ते उत्तमच आहे, पण तुमचा प्रबंध तिथे जाण्यासारखा नाही आणि त्याच्याशी ताडून कुणाला कमी लेखण्यातही अर्थ नाही.

ही कल्पना युजीन गारफिल्ड यांची. १९५५ मध्ये त्यांनी ‘सायन्स’ साप्ताहिकात सायटेशनच्या सूचीची कल्पना मांडली आणि पुढे त्यातून हा आकडा आला. कुठली जर्नल सूचीत घ्यायची, ग्रंथालयांनी कुठल्यावर पैसे घालायचे, यासाठी तो होता. माणसाला बढती द्यायची की नाही हे ठरवण्यासाठी तो बनवलेलाच नव्हता. २०१२ च्या डिसेंबरात सॅन फ्रान्सिस्कोत संशोधक आणि संपादक जमले, आणि त्यातून निघालेल्या जाहीरनाम्यात, ज्याला सगळे ‘डोरा’ म्हणतात, हेच स्पष्ट लिहिलं: जर्नलच्या आकड्यावरून एकेका पेपरचं किंवा माणसाचं मोल करू नका.

सरासरी किती फसवते त्याचं मी वर्गात नेहमी देतो ते उदाहरण नेत्रविज्ञानाबाहेरचं आहे. ‘ॲक्टा क्रिस्टॅलोग्राफिका ए’ या जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर साधारण दोन असायचा. २००८ मध्ये त्यात एका संगणकप्रणालीवर एक लेख आला, जगभरचे स्फटिकशास्त्रज्ञ ती प्रणाली वापरत होते आणि प्रत्येक जण तो लेख उद्धृत करत होता. २००९ चा आकडा जवळपास ५० वर गेला. त्या जर्नलमधला बाकीचा एकही लेख रातोरात पंचवीसपट चांगला झाला नव्हता. दोन वर्षांची खिडकी सरकली आणि आकडा परत दोनवर आला. हे टोक झालं, पण थोड्याफार प्रमाणात सगळीकडे हेच चालतं. ‘नेचर’ आणि ‘सायन्स’मधल्या लेखांची सायटेशन २०१६ मध्ये एकेक करून मांडली गेली, तेव्हा साधारण तीन-चतुर्थांश लेख स्वतःच्या जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरच्या खाली निघाले.

आपल्याकडे याचं उदाहरण कोविडने दाखवलं. २०२०-२१ मध्ये कोविड आणि डोळा यावर लिहिलेल्या कशालाही सायटेशन मिळत होती, अनेक जर्नलांचे आकडे फुगले आणि नंतर उतरले. पण त्याच काळात, २०२१ मध्ये, इंडियन जर्नल ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजीत म्युकरच्या, म्हणजे काळ्या बुरशीच्या, २८२६ रुग्णांचा देशभरातून गोळा केलेला अभ्यास आला. ती दुसरी लाट आठवा. कोल्हापुरात रोज नवे म्युकरचे पेशंट दिसत होते, डोळा काढायचा की ठेवायचा हा निर्णय रात्री अकरा वाजता घ्यावा लागत होता. इतक्या रुग्णांत काय दिसलं, किती जणांना मधुमेह होता, किती जणांना स्टिरॉइड दिलेले होते, हे आम्हाला तिथे वाचायला मिळालं. जर्नल फुकट उघडत होतं, ही त्या वेळी फार मोठी गोष्ट होती. उद्या त्या जर्नलचा आकडा खाली आला म्हणून तो अभ्यास लहान होत नाही.

आता तुमच्या ६.८ कडे येऊ. पहिला प्रश्न, हा आकडा दिला कुणी? ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ हा शब्द ज्या आकड्यासाठी वापरतात तो क्लॅरिव्हेट ही कंपनी दरवर्षी जूनच्या सुमारास जाहीर करते. स्कोपस या दुसऱ्या सायटेशन-सूचीचा ‘साइटस्कोअर’ हा निराळा आकडा आहे. २०१६ च्या शेवटी सुरू झाला, आता चार वर्षांची खिडकी धरतो, त्यामुळे त्याच जर्नलचा साइटस्कोअर सहसा इम्पॅक्ट फॅक्टरपेक्षा मोठा दिसतो. जर्नल जो मोठा असेल तो पुढे करतात आणि घाईत बघणाऱ्याचा गोंधळ होतो. आणखी दोन आकडे आहेत: ‘एसजेआर’मध्ये वजनदार जर्नलने दिलेल्या सायटेशनला जास्त किंमत आहे, ‘स्निप’ शाखेनुसार आकडा जुळवून घेतो. दोन वेगळ्या उपशाखा ताडायच्या असतील तर मी स्निप बघतो. आणि याखेरीज ‘ग्लोबल’, ‘युनिव्हर्सल’, ‘सायंटिफिक’ अशी विशेषणं लावलेले आकडे पैसे भरून मिळतात. त्यांना काडीची किंमत नाही.

तुम्ही नाव दिलेलं पहिलं जर्नल मी शोधलं. क्लॅरिव्हेटच्या मास्टर जर्नल लिस्टमध्ये नाही, स्कोपसच्या सोर्स यादीत नाही. दोन्ही याद्या कुणालाही फुकट बघता येतात, पाच मिनिटांचं काम आहे. संपादक मंडळावर नेत्रतज्ज्ञ एकच, बाकी पशुवैद्यक आणि अभियांत्रिकीचे. तुमच्या मेलमध्ये ‘७२ तासांत निर्णय’ असंही आहे. बुबुळाच्या अल्सरवरचा पेपर समजणारे दोन रिव्ह्यूअर शोधायलाच संपादकाला कधी कधी तीन आठवडे लागतात. कृपया तिथे पाठवू नका.

हे इतक्या कळकळीने लिहितोय कारण माझ्या एका विद्यार्थिनीचं यात नुकसान झालं आहे. अडीच वर्षं तिने मोतीबिंदू पिकून वाढलेल्या काचबिंदूचे रुग्ण गोळा केले, गगनबावड्यापासून गडहिंग्लजपर्यंत फोन करकरून फॉलोअपला बोलावले. परीक्षेआधी पेपर छापून यायला हवा होता, म्हणून अशाच एका ठिकाणी पाठवला. चौथ्या दिवशी स्वीकृतीचं पत्र आलं, रिव्ह्यूअरचा एकही प्रश्न नाही. फी भरली, पेपर ‘छापला’. दोन वर्षांनी वेबसाइटच बंद. आता तो कुठे सापडत नाही आणि एकदा छापलेला म्हणून दुसरीकडे देताही येत नाही. मी सही करण्याआधी ते जर्नल तपासायला हवं होतं. ती जबाबदारी माझी होती.

मोठा, खरा आकडाही हमी देत नाही. २०२० मध्ये सर्जिस्फिअर या कंपनीच्या डेटावर आधारलेले कोविडचे दोन पेपर ‘लॅन्सेट’ आणि ‘न्यू इंग्लंड जर्नल’ने मागे घेतले, जगातली सर्वांत जास्त उद्धृत होणारी वैद्यकीय जर्नल ती. २०२३ मध्ये हिंदावी या प्रकाशनाचे आठ हजारांहून जास्त लेख मागे घेतले गेले, त्याच वर्षी क्लॅरिव्हेटने पन्नासच्या वर जर्नल आपल्या सूचीतून काढली. त्यात खरा इम्पॅक्ट फॅक्टर असलेलीही होती.

तुमच्या विषयाची गोष्ट वेगळी का आहे, ते आता सांगतो. डोळ्याच्या शाखेतही सायटेशन सारखी वाटलेली नाहीत. रेटिनाची इंजेक्शनं, ओसीटी हा पडद्याचा स्कॅन, डोळ्याच्या फोटोंवर चालणारी कृत्रिम बुद्धिमत्ता, यांवर जगभर हजारो लोक लिहितात, म्हणून तिथली सायटेशन भराभर वाढतात. लो व्हिजन, ऑप्टोमेट्री, तिरळेपणा, समुदाय नेत्रसेवा इथे लिहिणारे कमी. बुरशीचा अल्सर तर शेतात राबणाऱ्याचा आजार. पैसा आणि विद्यापीठं जिथे आहेत तिथे तो क्वचित दिसतो. शिवाय दोन वर्षांची खिडकी आपल्या कामाला पुरत नाही. आज छापलेला शस्त्रक्रियेचा किंवा अल्सरचा अभ्यास वाचून कुणी नवा अभ्यास सुरू केला, दोन हंगाम रुग्ण घेतले आणि लिहिला, तोवर चार वर्षं झालेली असतात.

काही वर्षांपूर्वी फेब्रुवारीत करवीर तालुक्यातल्या एक मावशी आल्या. ऊस तोडताना पाचटाचं टोक डोळ्यात गेलेलं. मेडिकलमधून थेंब आणून घातले, त्यात स्टिरॉइड होतं. नऊ दिवसांनी आल्या तेव्हा स्लिट लॅम्पखाली बुबुळावर करड्या-पांढऱ्या रंगाचा कोरडा, उठावदार डाग, कडा पिसासारख्या पसरलेल्या, शेजारी दोन छोटे ठिपके आणि खाली पू साचलेला. खरवडून केओएच द्रावणात ठेवलेल्या काचेवर बुरशीचे तंतू स्पष्ट दिसले. त्यांचा प्रश्न एकच, “डॉक्टर, फूल पडंल का?” तेव्हा बरोबरच्या रजिस्ट्रारचा कल व्होरिकोनॅझोलकडे होता. नवं औषध, महाग, म्हणजे भारी असणार. मी नॅटामायसिन लिहिलं, आणि ते एका पेपरच्या जोरावर. अरविंद नेत्र रुग्णालयांत ३२३ रुग्णांवर केलेली चाचणी २०१३ मध्ये ‘जामा ऑप्थॅल्मॉलॉजी’त आली होती. जुनं नॅटामायसिन नव्या व्होरिकोनॅझोलपेक्षा सरस ठरलं, विशेषतः फ्युजेरियम बुरशीत. जर्नल आकड्याने मोठं होतं हे खरं, पण मी त्या पेपरवर विश्वास ठेवला तो रुग्ण आपल्यासारखे होते म्हणून, चिठ्ठी टाकल्यासारखी विभागणी होती म्हणून, आणि कुणाला कुठला थेंब मिळतोय हे रुग्णाला किंवा मोजणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं म्हणून. मावशींच्या बुबुळावर डाग राहिला, पण मधोमध नव्हता. पुढच्या हंगामात त्या परत तोडीला गेल्या, या वेळी चष्मा लावून.

असाच दुसरा पेपर २००१ मधला, ‘ब्रिटिश जर्नल ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजी’तला, नेपाळमधल्या भक्तपूरचा. गावातल्या प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी बुबुळ खरचटलेल्यांना क्लोरॅम्फेनिकॉलचं साधं मलम लगेच दिलं. जखमेनंतर अठरा तासांच्या आत ज्यांना मलम मिळालं त्यांच्यात एकालाही अल्सर झाला नाही. पन्हाळ्याच्या खालच्या एखाद्या गावातली आशाताई हे करू शकते. पण ती पेपर लिहिणार नाही, म्हणून तिने वाचवलेला डोळा कुठल्याही इम्पॅक्ट फॅक्टरमध्ये येणार नाही. लंडनहून १९८८ पासून निघणारं ‘कम्युनिटी आय हेल्थ जर्नल’ नेमकं अशा लोकांसाठी आहे. माझ्याकडच्या ऑप्टोमेट्रिस्टना मी सर्वांत आधी तेच वाचायला देतो.

मग दर्जा ओळखायचा कसा? जर्नलचे मागच्या वर्षातले पाच पेपर काढा आणि ‘मटेरियल्स अँड मेथड्स’ वाचा. आमच्याकडे दर गुरुवारी संध्याकाळी ओपीडीच्या मागच्या खोलीत जर्नल क्लब बसतो, तिथे हातात पेन्सिल घेऊन हेच करतो. पहिल्यांदा मोजायचं, रुग्ण किती आणि डोळे किती. ६० रुग्ण आणि १२० डोळे असतील, आणि लेखकाने १२० स्वतंत्र निरीक्षणं धरून गणित केलं असेल, तर तो पेपर तिथेच लंगडतो. एकाच माणसाचे दोन डोळे जुळ्या भावांसारखे, एकाचा काचबिंदू वाढला की दुसऱ्याचाही वाढण्याची शक्यता मोठी. ते वेगळे धरले की नमुना खोटाच मोठा होतो आणि पी-व्हॅल्यू खोटीच लहान. मागच्या महिन्यात एका पोस्टग्रॅज्युएटने एका नावाजलेल्या जर्नलच्या पेपरात हे पकडलं. तक्ता दोनमध्ये डोळे ९४, मजकुरात रुग्ण ५१, आणि दोन डोळ्यांचं काय केलं याचा एक शब्द नाही. तिने पेन्सिलीने गोल केला तेव्हा खोली शांत झाली.

दुसरं, दृष्टीची सरासरी कशी काढली. ६/६, ६/१८, ६/६० यांची थेट सरासरी निघत नाही, आधी लॉगमार या सारख्या पायऱ्यांच्या मोजपट्टीत बदलावं लागतं. जे जर्नल हे न करता छापतं तिथे नेत्रतज्ज्ञ रिव्ह्यूअरने पेपर बघितलेला नाही असं खुशाल समजा. तिसरं, फॉलोअपला किती गळले आणि का. आपल्याकडचे तोडीचे मजूर बरेचसे बीड भागातले, हंगाम संपला की टोळी परत जाते. सहा महिन्यांचा निकाल दिलाय आणि एकही रुग्ण सुटलेला नाही, असं दिसलं की मी तो आकडा दोनदा वाचतो. चाचणी असेल तर सीटीआरआयचा, म्हणजे भारतातल्या चाचण्यांच्या नोंदवहीचा, नोंदणी क्रमांक आणि तारीख बघा, पहिला रुग्ण घेण्याआधीची हवी.

बढतीची काळजी तुम्ही लिहिली आहे, ती रास्त आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२२ च्या पात्रता नियमांत मेडलाइन, पबमेड सेंट्रल, स्कोपस, एम्बेस, डीओएजे अशा सूचींची नावं होती, इम्पॅक्ट फॅक्टर इतका हवा अशी अट नव्हती; २०२५ मध्ये त्या जागी नवे नियम आले, तेही बघून घ्या. एक सावधगिरी: पबमेडवर पेपर दिसला म्हणजे जर्नल मेडलाइनमध्ये आहे असं नव्हे. मेडलाइन ही अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाची (एनएलएम) सूची, तिच्यासाठी जर्नल निवडलं जातं. पबमेड हे शोधायचं साधन, त्यात इतर वाटांनीही लेख येतात. एनएलएम कॅटलॉगमध्ये जर्नलचं नाव टाका, सध्या मेडलाइनसाठी सूचित आहे की नाही ते तिथे लिहिलेलं असतं. यूजीसीची मान्य जर्नलांची केअर यादी २०२५ मध्ये बंद झाली, तेव्हा ‘केअर लिस्टेड’ हा शिक्का दाखवणाऱ्यांकडेही जरा थांबून बघा.

गाईडशी वाद घालू नका. त्यांनाही विभागाच्या अहवालात आकडा भरावा लागतो. हे सगळं घेऊन शांतपणे बसा, दोन्ही जर्नलांचे दोन-दोन पेपर छापून न्या. मी असतो तर इंडियन जर्नल ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजीला पाठवलं असतं. १९५३ पासून अखिल भारतीय नेत्ररोग संघटनेचं आहे, मेडलाइनमध्ये आहे, आणि ऊस, भात, ज्वारी जिथे पिकते तिथले डोळ्यांचे डॉक्टर ते वाचतात. तुमचा नमुना मोठा आणि कल्चर पूर्ण असतील तर ‘कॉर्निआ’ या जर्नललाही प्रयत्न करायला हरकत नाही. नाकारलं तरी रिव्ह्यूअरची टिपणं हाती येतात. ती वाचून पेपर दुरुस्त करा, मग पुढे पाठवा.

पाठवण्याआधी एक करा. तुमच्या मुख्य तक्त्यात वय, गाव, बुरशीचा प्रकार, आधी वापरलेले थेंब हे सगळं आहे. पण जखम झाल्यापासून पहिला औषधाचा थेंब पडेपर्यंत किती तास गेले, हा रकाना नाही. केसपेपरवर पहिल्या पानाच्या कोपऱ्यात ती वेळ बहुतेक वेळा लिहिलेली असते, ‘काल दुपारी’, ‘परवा तोडीला’ अशी. रेकॉर्ड रूममध्ये दोन दिवस बसलात तर ती काढता येईल. मला तुमच्या पेपरात सर्वांत आधी तोच रकाना वाचायचा आहे.